हेज का मरतेय ते आधी शोधा, नवी रोपं नंतर आणा

माझ्या बागेच्या हेजमधे, म्हणजे झाडांच्या कुंपणात, एकाच जागी मी लागोपाठ कामिनीची तीन झाडं मारली आहेत. पहिली वाळली तेव्हा वाटलं पाणी कमी पडलं असेल, म्हणून दुसरीला भरपूर पाणी घातलं तर ती आणखी लवकर गेली, तिसरीला खत, बुरशीनाशक, जे हाताला लागलं ते सगळं घातलं आणि तीही हळूहळू पिवळी पडून आटोपली. चौथं रोप आणायच्या आधी म्हटलं खड्डा जरा खोल करू, तर दीड फुटावर पहार टणकन वाजली. खाली बांधकामाचा राडारोडा पुरलेला आणि त्यावर सिमेंटचा थर बसलेला. म्हणजे माझी तिन्ही झाडं बुडाला भोक नसलेल्या बादलीत लावलेली होती आणि मी वरून पाणी ओतत बसलो होतो.

म्हणून या लेखात रोप लावायची गोष्ट बरीच उशिरा येईल. हेज मरायला लागली की लोक थेट नर्सरी गाठतात, खरं काम त्याआधीचं आहे. जुनं झाड का गेलं ते कळल्याशिवाय त्याच खड्ड्यात नवं लावलं तर पैसे, मेहनत आणि दोन वर्षं, तिन्ही पाण्यात.

सुरुवात : काहीही कापू नका, नुसतं बघा

हेजपासून दहा-बारा पावलं मागे जा आणि अख्ख्या रांगेचा एक फोटो काढा. जवळून पानं बघत बसलं की झाड दिसतं पण नमुना दिसत नाही, आणि निदान नमुन्यातूनच होतं.

मधलंच एखादं झाड मेलंय आणि शेजारची दोन्ही टवटवीत आहेत, असं असेल तर भानगड बहुतेक त्या एका झाडाच्या मुळाशीच आहे: खोल लावलं गेलं, कुंडीत गुंडाळलेली मुळं तशीच राहिली, किंवा खाली दगड. एका टोकापासून वाळत वाळत पुढे सरकतंय तर मुळांचा रोग किंवा पाणी साचणं, विशेषतः ते टोक सखल असेल तर. फक्त एका बाजूची पानं करपलीत आणि दुसरी बाजू छान आहे, तर तिकडे काय आहे ते बघा. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा, उन्हात तापणारी भिंत, रस्त्यावरचं मीठ (जिथे बर्फ वितळवायला टाकतात तिथे), किंवा पलीकडे कोणीतरी तणनाशक मारलं आणि वाऱ्याने इकडे आलं. तणनाशकाचं असेल तर हेजच्या खालचं गवत आणि इतर तणही त्याच सुमाराला पिवळं पडलेलं असतं, ही चांगली खूण आहे. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंतच ठिपक्याठिपक्याने जळलंय तर कुत्रा, म्हणजे त्याचं मूत. हसू नका, मी दोन महिने बुरशी शोधत होतो.

खालचा भाग उघडा पडलाय आणि वर मात्र दाट छत्री झालीय, ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि हा मुळी रोग नाहीच. छाटणीची चूक आहे. वरचा भाग रुंद ठेवला की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, मग झाड त्या फांद्या सोडून देतं. याचा उपाय शेवटी येतो.

अजून एक, थुजा म्हणजे मोरपंखीसारख्या झाडांची आतली, बुंध्याजवळची जुनी पालवी दरवर्षी तपकिरी होऊन गळते. बाहेरचे शेंडे हिरवे असतील तर ते नैसर्गिक आहे, घाबरून औषधं मारू नका.

आणि वेळ आठवून बघा. आठवड्याभरात सगळं तपकिरी झालं की दोन वर्षं हळूहळू विरळ होत गेलं? मागच्या दोन-चार वर्षांत जवळून पाइपलाइन, केबल, नवा रस्ता, फरशी असं काही गेलं का? मुळं तुटल्याचा परिणाम मोठ्या झाडावर कधीकधी काही वर्षांनी दिसतो, तोपर्यंत आपण ते खोदकाम विसरून गेलेलो असतो.

नखाची चाचणी

वाळलेली दिसणारी फांदी मेलेलीच असते असं नाही. नखाने किंवा चाकूने साल अगदी हलकी खरवडा, खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे, कोरडं तपकिरी दिसलं तर तेवढा भाग गेला. शेंड्यापासून सुरू करून वीतभर खाली, आणखी वीतभर खाली असं बुंध्यापर्यंत या. प्रत्येक झाडाला तीन-चार फांद्या तपासा आणि खडूने किंवा रंगीत रिबनने खूण करा, कारण वीस झाडं झाली की आपलं डोकं गोंधळतं.

आता इथे झाडाची जात फार महत्त्वाची आहे. ड्युरांटा, कामिनी, मेंदी, जास्वंद, कोयनेल, प्रिव्हेट, लॉरेल अशी रुंद पानांची झाडं बुंधा जिवंत असेल तर अगदी खालपर्यंत कापली तरी बहुतेक वेळा परत फुटतात. पण थुजा, जुनिपर, लेलँड सायप्रस यांचं तसं नाही. यांच्या जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून नवा फुटवा येत नाही, तपकिरी झालेलं भोक तपकिरीच राहतं, कितीही वाट बघा. सुई-खवल्यासारख्या पालवीच्या या गटात यू हे थंड प्रदेशातलं झाड ठळक अपवाद, त्याला जुन्या लाकडातूनही पालवी फुटते. त्यामुळे "वाट बघू, भरून येईल" हे कुठल्या झाडाबद्दल म्हणतोय ते आधी ठरवा.

आता खणा, खरी उत्तरं खाली आहेत

एक मेलेलं, एक अर्धवट आणि एक धडधाकट, अशा तीन झाडांच्या बुडाशी खुरप्याने माती बाजूला करा. तीन कशाला? तुलना करायला. नुसतं मेलेलं झाड बघून काय बिघडलं ते कळत नाही.

पहिली गोष्ट, बुंधा जमिनीत जातो तिथे तो थोडा पसरलेला दिसायला हवा, हत्तीच्या पायासारखा. बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ मातीत घुसला असेल तर झाड खोल लावलंय किंवा वर्षानुवर्षं माती-पालापाचोळा चढत गेलाय. माती काढत खाली जा, पहिली जाड मुळं कुठे लागतात बघा. पाच-सात सेंमी खाली लागली तर माती सरकवून काम भागतं, वीतभर खाली असतील आणि साल मऊ पडली असेल तर त्या झाडाचं फारसं काही होत नाही.

दुसरी, बुंध्याला गळफास. कुंडीत किंवा पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरतात, ती लावताना सोडवली नाहीत तर काही वर्षांनी जाड होऊन बुंध्यालाच आवळतात. नायलॉनची सुतळी, प्लास्टिकची पिशवी, टॅगची तार हेही सापडतं. एकदा तर आठ वर्षांचं झाड उपटल्यावर खाली काळी पिशवी जशीच्या तशी निघाली, लावणाऱ्याने फाडायचीच राहिली होती.

तिसरी, मुळांचा रंग. बारीक मूळ तोडा: आत पांढरट, टणक, ताज्या मातीचा वास म्हणजे ठीक. तपकिरी-काळं, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरतो आणि कुजका वास येतो, म्हणजे मूळकुज. फायटोप्थोरा नावाचा जीव बऱ्याचदा यामागे असतो, त्याला साचलेलं पाणी प्रचंड आवडतं आणि झाड गेल्यावरही तो मातीत वर्षानुवर्षं राहतो. बुंध्याच्या बुडाशी साल उचकटून बघा, खाली कागदासारखा पांढरा बुरशीचा पापुद्रा आणि अळंबीचा तीव्र वास असेल तर आर्मिलारिया. हा बुटाच्या नाडीसारख्या काळ्या धाग्यांनी जमिनीतून शेजारच्या झाडाकडे जातो, त्यामुळे खोडं आणि जाड मुळं जागेवर ठेवून नवीन लावणं म्हणजे त्याला जेवायला बोलावणं.

चौथी, ओल. पाणी देऊन दुसऱ्या दिवशी वीतभर खाली बोट घाला. बऱ्याचदा आजूबाजूची माती ओली असते आणि झाडाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, आत कोरडी ठाक असते, विशेषतः नर्सरीतलं मिश्रण पीट मॉसचं (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचं) असेल तर, कारण एकदा पूर्ण सुकलेलं पीट मॉस पाणी पटकन घेत नाही.

आणि निचऱ्याची चाचणी तर कराच, मी ही आधी केली असती तर तीन कामिनी वाचल्या असत्या. हेजच्या रेषेत ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. मग परत भरा आणि काठीवर खूण करून तासाला किती उतरतं ते मोजा. २.५ ते ७-८ सेंमी उतरलं तर उत्तम, २.५ च्या खाली म्हणजे निचरा खराब, १० च्या वर म्हणजे पाणी टिकतच नाही आणि तुम्हाला कंपोस्ट आणि आच्छादन जास्त लागेल. रांग लांब असेल तर दोन-तीन ठिकाणी करा, एकाच बागेत दहा फुटांवर माती बदलते.

किडीबद्दल थोडक्यात, कारण मोठी हेज निव्वळ किडीने अख्खी मरणं तसं कमी, बहुतेक वेळा कीड आधीच खंगलेल्या झाडावर येते. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी झटका, ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. पानं चिकट, वर काळी काजळी आणि मुंग्यांची रांग म्हणजे मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड. थुजावर सुकलेल्या फळासारख्या लोंबणाऱ्या पिशव्या दिसल्या तर ते फळ नाही, बॅगवर्म आहे, एका पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात, तेव्हा अळ्या बाहेर पडायच्या आधी हाताने तोडून नष्ट करा. बॉक्सवूडला (थंड प्रदेशात हेजसाठी लावतात ते बारीक पानांचं झुडूप) मात्र दोन खरे वैरी आहेत. एक बॉक्स ब्लाइट, ज्यात कोवळ्या काड्यांवर काळे पट्टे येतात आणि पानं धडाधड गळतात, हा १९९० च्या दशकात इंग्लंडमधे पहिल्यांदा दिसला आणि २०११ मधे अमेरिकेत सापडला. दुसरा बॉक्स ट्री मॉथ, पूर्व आशियातला पतंग, २००७ मधे युरोपात आढळला, याच्या हिरव्या अळ्या जाळं विणून अख्खं झुडूप फस्त करतात. बॉक्सवूड यातल्या कशाने गेलं असेल तर तिथे परत बॉक्सवूड लावायचा मोह टाळा.

लेलँड सायप्रसचं वेगळंच. ही दोन सायप्रसची संकरित जात, १८८८ मधे वेल्समधे सापडली, आणि वर्षाला जवळपास मीटरभर वाढते म्हणून लोक आडोशासाठी डोळे झाकून लावतात. पण ताण पडला की तिला सिरिडियमसारख्या बुरशीचे खोडाचे कँकर (सालीवरच्या कुजत जाणाऱ्या जखमा) लागतात, एकेक फांदी विटकरी-तपकिरी होते, सालीतून डिंक गळतो. यावर औषध नाही, बाधित फांदी खालपर्यंत कापायची. पसरत गेलं तर झाड काढायचं.

वाचवायची की काढायची?

माझा हिशोब असा आहे. रुंद पानांची हेज, बुंधे जिवंत, मुळं ठीक, तर वाचवा. एकदम सगळी न कापता पहिल्या वर्षी एक बाजू बुंध्याजवळ कापा, फुटवा चांगला आला की पुढच्या वर्षी दुसरी बाजू. तोपर्यंत आडोसाही राहतो. सुईसारख्या किंवा खवल्यासारख्या पालवीची हेज आणि दर्शनी भागात मोठी तपकिरी भोकं असतील तर वाचवण्यात वेळ घालवू नका. दहातली एक-दोन झाडं गेली असतील तर तेवढीच बदला, पण तिसरा हिस्सा किंवा जास्त गेलं असेल आणि कारण मुळात किंवा मातीत असेल तर पूर्ण रांग काढणं शेवटी स्वस्त पडतं. तुकड्यातुकड्याने बदललेली हेज कधीच एकसारखी होत नाही, जुनी झाडं नव्यांचं ऊन आणि पाणी दोन्ही खातात.

काढायचं ठरलं तर आधी तीन गोष्टी. हेजमधे पक्ष्यांची घरटी आहेत का बघा, असतील तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा, बऱ्याच ठिकाणी तसा कायदाही आहे. जमिनीखालून गॅस, वीज, पाण्याची लाइन कुठून जाते ते शोधून खूण करा. आणि हेज नक्की कोणाच्या हद्दीत आहे हे शेजाऱ्यांशी बोलून घ्या, करवत चालवायच्या आधी, नंतर नाही. आडोसा जाणार म्हणून तात्पुरती बांबूची चटई किंवा शेडनेट आधीच उभी करून ठेवा, एकदा उघडं पडलं की घाई सुटते आणि घाईत माणूस मिळेल ती रोपं आणून लावतो.

काढताना

झाड जमिनीलगत कापू नका! कमरेएवढा बुंधा ठेवा, तोच तुमची तरफ आहे. फांद्या आधी काढून टाका, मग बुंध्याभोवती दीड-दोन फुटांवर गोल चर घ्या, दिसतील ती मुळं कुऱ्हाडीने किंवा जुन्या करवतीने तोडा (चांगली करवत मातीत घालू नका, धार एका दिवसात जाते), मग बुंधा पुढे-मागे हलवत पहार घाला. साखळी बांधून गाडीने ओढायची आयडिया बऱ्याच जणांना सुचते, साखळी सुटून आली तर माणूस जायबंदी होतो, तेव्हा नको. बुंधे फार जाड असतील तर स्टंप ग्राइंडर भाड्याने आणा, फक्त त्याचा भुसा खड्ड्यातच मिसळून ठेवू नका, तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो.

तणनाशक लावून बुंधा मारायचा विचार असेल आणि शेजारची काही झाडं ठेवायची असतील तर जपून, एकाच जातीची झाडं जवळजवळ असली की त्यांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असू शकतात आणि औषध तिकडेही पोचतं. रोगाने गेलेली झाडं कंपोस्टमधे घालायची नाहीत. सिकेटर, करवत सगळं ७० टक्के अल्कोहोलने पुसा, किंवा एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात, पण ब्लीचने लोखंड गंजतं म्हणून नंतर धुवून तेल लावा.

माती : इथे आळस केला तर वरचं सगळं फुकट

प्रत्येक झाडाला वेगळा खड्डा घेऊन त्यात मस्त मिश्रण भरायचं, ही पद्धत सगळीकडे सांगतात आणि मला ती पटत नाही. भोवती चिकणमाती आणि खड्ड्यात भुसभुशीत कंपोस्ट असलं की पाणी त्या खड्ड्यात येऊन साचतं, आणि मुळंही त्या सुखाच्या जागेतून बाहेर पडत नाहीत, कुंडीत असल्यासारखी तिथेच फिरत राहतात. त्यापेक्षा पूर्ण रांगेचा ७०-८० सेंमी रुंदीचा पट्टा खणा, ३० सेंमी खोलपर्यंत माती मोकळी करा, राडारोडा आणि जुनी मुळं वेचा आणि पट्टाभर ५ ते ७ सेंमी कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत पसरून मिसळा. १२ मीटर लांब आणि ८० सेंमी रुंद पट्ट्याला ७ सेंमीचा थर म्हणजे जवळपास ६७० लिटर माल, आधी हिशोब करा नाहीतर चार पोती आणून अर्ध्यात अडकाल.

निचरा खराब निघाला असेल तर खाली खडी टाकून काही होत नाही, उलट बारीक माती आणि खडी यांच्या सीमेवर पाणी अडून राहतं. उपाय वर जाण्यात आहे. पूर्ण पट्ट्याचा २० ते ३० सेंमी उंच गादीवाफा करा आणि रोपं त्यावर लावा. छपराच्या पन्हळीचं पाणी तिथे उतरत असेल तर ते दुसरीकडे वळवा. माझ्यासारखा पक्का थर लागला तर तो फोडायलाच हवा, त्याला पर्याय नाही, दोन रविवार गेले माझे.

मूळकुजेने झाडं गेली असतील तर त्याच जातीचं परत नको. आर्मिलारिया असेल तर बोटापेक्षा जाड असलेलं प्रत्येक मूळ काढायचा प्रयत्न करा, आणि नवी जात त्याला दाद न देणारी निवडा.

काय लावायचं

इथे लोक चुकतात ते उंचीवर नाही, रुंदीवर. रोपाच्या टॅगवर पूर्ण वाढलेली रुंदी किती लिहिलीय ते बघा, त्याच्या निम्मं अधिक तुम्हाला उभं राहून छाटता येईल एवढी जागा, इतकं अंतर हद्दीपासून सोडा. दीड मीटर पसरणारं झाड भिंतीपासून ३० सेंमीवर लावलं की पुढची वीस वर्षं तुम्ही आणि शेजारी दोघंही ते कापत बसता.

दुसरं म्हणजे उंची गरजेपुरतीच. खिडकीतून दिसू नये एवढाच हेतू असेल तर दोन मीटर पुरतात, मग सहा-सात मीटर जाणारं झाड कशाला? झपाट्याने वाढणारं झाड तीन वर्षांत आडोसा देतं आणि चौथ्या वर्षीपासून दर महिन्याला कातर मागतं. मधल्या गतीचं बरं.

तिसरं, एकच जात रांगेने लावू नका. जुन्या हेजने हाच धडा दिलाय ना, एक रोग आला आणि सगळी ओळ गेली. तीन-चार जाती घ्या, पाणी आणि उन्हाची गरज सारखी असलेल्या, आणि एकाआड एक लावण्यापेक्षा तीन-तीन किंवा पाच-पाचचे गट करा, दिसायला बरं वाटतं आणि जोरकस जात शेजारच्या नाजूक जातीला प्रत्येक ठिकाणी दाबत नाही. एकसारखी सरळ हिरवी भिंतच हवी असा आग्रह असेल तर ठीक आहे, लावा एक जात, फक्त जोखीम माहीत असू द्या.

काही खास धोके. कण्हेर, यू आणि चेरी लॉरेल विषारी आहेत, ड्युरांटाची पिवळी फळंही, त्यामुळे लहान मुलं किंवा चरणारी जनावरं असतील तर विचार करा. कामिनी सुंदर, पण लिंबू-संत्र्याच्या जवळ नको, सिट्रस ग्रीनिंग रोग पसरवणारा सिला कीटक तिच्यावर मजेत राहतो. बांबू लावायचा तर झुबक्याने वाढणारा घ्या. पसरणाऱ्या बांबूला ६० ते ७५ सेंमी खोल जाड प्लास्टिकचा अडसर लागतो आणि तरी तो वरून उडी मारायचा प्रयत्न करतोच.

रोप मोठं घ्यावंसं वाटतं, पण घेऊ नका. दोन-तीन फुटांचं निरोगी रोप सहा फुटी रोपापेक्षा लवकर जमीन धरतं आणि बऱ्याचदा काही वर्षांत त्याला गाठतं. नर्सरीत रोप कुंडीतून काढून बघायला सांगा. मुळं पांढरी आणि हुंडीच्या कडेला नुकती पोचलेली हवीत, वेटोळी घातलेली नकोत. खालपासून फांद्या असलेलं रोप घ्या, वर झुपका आणि खाली काठी असलेलं नाही.

लावणी

वेळ अशी निवडा की पुढे दोन-तीन महिने कडक ऊन नसेल: पावसाळी प्रदेशात पावसाची सुरुवात, थंड प्रदेशात पानगळीचे दिवस किंवा गोठण संपल्यावर लगेच.

दोरी ताणा. अंतर साधारण पूर्ण रुंदीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत, म्हणजे १.२ मीटर पसरणाऱ्या झाडाला ६० ते ८० सेंमी. १२ मीटरच्या रांगेत ७५ सेंमी अंतराने, दोन्ही टोकांना अर्धं अंतर सोडून, १६ रोपं बसतात. एक जास्तीचं आणून कुंडीत ठेवा, लागतंच. आणि आडोसा लवकर हवा म्हणून जवळजवळ कोंबू नका, दाटीत हवा खेळत नाही, मग बुरशी.

लावायच्या आधी रोप बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. खड्डा हुंडीएवढाच खोल आणि दुप्पट रुंद, त्याहून खोल नको, खालची माती भुसभुशीत असली की झाड नंतर खचतं आणि मग परत तीच खोल लावल्याची कहाणी. मुळं फिरलेली असतील तर धारदार चाकूने हुंडीच्या बाजूने २-३ सेंमीचा थर सरळ कापून टाका, जिवावर येतं पण करा. बुंध्याचा पसरट भाग जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर. काढलेलीच माती परत भरा, अर्धी भरल्यावर पाणी घाला, हवा निघू द्या, मग उरलेली. पायाने धोपटू नका. लावताना रासायनिक खत बिलकुल नाही, नवा फुटवा दिसला की मग थोडं. वरून ५ ते ७ सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं लांब.

जुन्या हेजमधे एखाद-दुसरंच झाड बदलत असाल तर एक जास्तीचं काम आहे: शेजारच्या झाडांची मुळं त्या खड्ड्यात लगेच घुसतात, म्हणून दोन्ही बाजूंना फावड्याने सरळ उभे काप द्या आणि दर काही महिन्यांनी तेच काप परत. शेजारच्या फांद्या थोड्या मागे कापून नव्याला ऊन द्या आणि पाणी त्याला वेगळं द्या.

पाणी आणि पहिल्या तीन वर्षांची छाटणी

पहिले दोन आठवडे जवळपास रोज हुंडीवरच पाणी, मग तीन महिने दर दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याला एकदा पण खोल, निदान वर्षभर. पाऊस पडला म्हणून सोडून देऊ नका, बोट घालून बघा. ठिबक करणार असाल तर प्रत्येक रोपाला दोन ड्रिपर, दोन बाजूंना, एकच ठेवला तर मुळं एकाच अंगाला वाढतात. ताशी ४ लिटरचे दोन असतील तर तासाला ८ लिटर, किती वेळ चालवायचं ते तुमच्या मातीत ओल ३० सेंमी खाली पोचायला किती लागतं त्यावरून एकदा खणून ठरवा. आणि दर महिन्याला ड्रिपर तपासा, एक चोंदलेला ड्रिपर म्हणजे हेजमधे बरोबर एक भोक.

छाटणी पहिल्या वर्षीच सुरू करायची, आणि इथेच सगळ्यांचा हात थांबतो, कारण आपल्याला झाड उंच व्हायला हवं असतं. रुंद पानांच्या रोपाचा वरचा तिसरा हिस्सा लावल्यावर, नवी पालवी धरली की कापा, खालून फांद्या फुटतील. मग प्रत्येक वेळी वीतभर वाढलं की निम्मं छाटा, निम्मं ठेवा. थुजासारख्यांचा मुख्य शेंडा मात्र हव्या त्या उंचीच्या वीतभर खाली येईपर्यंत कापू नका, फक्त बाजू हलक्या हाताने, आणि हिरव्याच्या आत कधीच नाही.

आकार नेहमी खाली रुंद, वर निमुळता. दोन मीटर उंच हेज खाली ८० सेंमी असेल तर वर ५०-५५. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, दोन काठ्या तिरक्या रोवून दोरी बांधा आणि दोरीने कापा. नुसत्या अंदाजाने कापणारा माणूस नेहमी खाली जास्त आणि वर कमी कापतो, कारण वर हात पुरत नाही.